जिवंत गाळाचे राखणदार

ग्रेगरी सरांना मी प्रथम पाहिलं, तेव्हा ते टाकीच्या कठड्यावर वाकून सांडपाण्याचा वास घेत होते. तेलशुद्धीकरण कारखान्यातला माझा तो पहिलाच दिवस. पदवी मिरवत आलेल्या मलाही त्यांनी वाकायला लावलं आणि विचारलं, "कसला वास येतोय?"

"मातीचा."

"मग मंडळी खुशीत आहेत," म्हणत ते चहाला निघाले.

मंडळी म्हणजे त्या टाकीतल्या गाळात राहणारे जिवाणू. वरचं तेल काढून घेतलं तरी पाण्यात फिनॉलसारखी विषं उरतात. ती खाऊन पाणी स्वच्छ करण्याचं काम हे जिवाणू करतात. सांडपाणी विभागाचे प्रमुख म्हणून सरांनी त्यांची बडदास्त ठेवली. दुरुस्तीसाठी कारखाना बंद असला की जिवाणूंची उपासमार होते, म्हणून सर ईस्टरच्या दिवशीसुद्धा उत्तनजवळच्या चौक या आपल्या कोळ्यांच्या गावाहून येऊन टाकीत गुळाचं पाणी सोडून जात. त्यांच्या पत्नी फिलोमिनाबाई एकदा मला म्हणाल्या, "यांचं खरं घर तिकडंच हाय. आमचं जेवण राहिलं तरी चालल, त्यांचं राहता कामा न्हाय." हे त्या रागावून म्हणाल्या नाहीत, पण अगदी गमतीनंही नाही.

अशाच एका बंदनंतर कारखाना सुरू करायची घाई झाली आणि यंत्रं धुतलेलं जहाल पाणी थेट टाकीत सोडलं गेलं. जिवाणू मेले. पाणी काळं पडलं, दुर्गंधी सुटली. ते तसंच खाडीत सोडून मोकळं व्हावं, असा उत्पादनप्रमुखांचा आग्रह होता.

"भरती आहे सर, सोडून टाका ना. तुमच्या उत्तनपर्यंत थोडंच पोचतंय?"

"इथेही कुणाची तरी जाळी असतीलच की," सर म्हणाले आणि त्यांनी खाडीकडच्या व्हॉल्व्हला कुलूप घातलं. साठवणीच्या टाक्या भरत आल्या, तेव्हा उत्पादन कमी करण्यावाचून इलाज उरला नाही. शहरातल्या मलनिःसारण केंद्रातून टँकरनं जिवंत गाळ आणून, विरजण लावावं तशी सरांनी टाकी पुन्हा लावली. पाणी निवळायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत बैठकांमध्ये त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या वर्षी सरांची बढती सगळे धरून चालले होते. ती झाली नाहीच, उलट त्यांना प्रशिक्षण विभागात बसवलं आणि त्यांची खुर्ची मला दिली. मला आनंद होईना. सरांसमोर जायचंही जिवावर आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच माझ्या खोलीत आले, बसले आणि म्हणाले, "बरं झालं तुम्हाला दिली. दुसऱ्या कुणाला दिली असती, तर मला झोप लागली नसती."

आता मीही निवृत्त झाले आहे. सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. चौकच्या किनाऱ्यावर रोज चालतात आणि त्यांना झोप उत्तम लागते, असं फिलोमिनाबाई सांगतात. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, ही आपणा सर्वांची प्रार्थना आहेच. त्यांची झोप मोडू नये, एवढं मात्र आज त्या टाकीवर काम करणाऱ्यांनी पाहावं.