हिराजीकाकांची वाव

दीड महिन्यापूर्वी हिराजीकाकांच्या मुलीचा, सुनंदाचा फोन आला. धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट सुटून ती बसची वाट बघत होती. "बाय, बाबा गेले..." एवढंच म्हणाली. मी वरसेतल्या घरी ओट्याशी होते. गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले.

हिराजीकाका माझे नातलग नव्हते. मी रोह्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता पीएच.डी. करत होते, आणि पेणजवळच्या धरणात ते मला होडीनं नेत. पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवालं कोणत्या ऋतूत, किती खोलीवर, कोणती असतात, हा माझा विषय. दोरीला बांधलेली बाटली खाली सोडायची, हव्या त्या खोलीवर झटका देऊन झाकण मिटवायचं आणि वर ओढायची. काकांना याचं फार हसू येई. "मासं सोडून पानी पकडताय व्हय गो बाय?" पण वर्षभरात तेच होडीतून सांगू लागले, "आज वरचा पानी हिरवा हाय, खालचा उपाशी." सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा तसंच निघे. उन्हाळ्यात वरच्या थरात निळ्या-हिरव्या शैवालांची दाटी, खाली जवळजवळ काही नाही. थंडीत पाणी वरखाली मिसळलं की डायाटम, म्हणजे काचेसारख्या कवचाची शैवालं, सगळीकडे. मी हे पुस्तकातून शिकले होते, ते नुसते रंगावरून सांगत... याचा मला थोडा रागच यायचा.

काका मूळचे धरमतरच्या खाडीवरचे, तरुणपणी मालवाहू बार्जवर पाण्याची खोली मोजणारे. त्यामुळे दोरीला गाठी तेच मारत, दर वावेला एक. दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाव. मी पुस्तकात पाहिलं, एक वाव म्हणजे सहा फूट, आणि निर्धास्तपणे सगळे तक्ते भरले. काका जेमतेम माझ्या खांद्याला लागत, हे माझ्या हुशार डोक्यात शिरलं नाही.

प्रबंध टाइपिंगला देण्याआधी सहज दोरीला टेप लावली. गाठी सहा फुटांवर नव्हत्याच. शिवाय ही दोरी तिसरी. आधीच्या दोन कुजल्या म्हणून फेकलेल्या. त्यांच्या गाठी कुठे होत्या, कोण सांगणार? दोन वर्षांची मेहनत वाया गेली म्हणून मी पेणला जाऊन काकांवर नको तितकी ओरडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाय, दोरी बदलली. माजे हात बदलले काय?"

दुसऱ्या दिवशी ते कोरी दोरी घेऊन एसटीनं रोह्याला आले. प्रयोगशाळेत माझ्यासमोर तिला गाठी मारल्या आणि जुन्या दोरीशेजारी ठेवली. गाठीला गाठ लागली. मग मी त्यांना भिंतीला पाठ लावून हात पसरायला सांगितलं, दोन्हीकडे बोटांच्या टोकांशी पेन्सिलीनं रेघा मारल्या, मधलं अंतर मोजलं आणि सगळे तक्ते त्या मापानं पुन्हा लिहिले. प्रबंध बचावला. माफी मात्र मी मागितली नाही. ते "च्या पाजा" म्हणाले आणि मी तेवढ्यावर सुटले. आज त्याची लाज वाटते.

तेराव्याला गेले तेव्हा सुनंदानं विचारलं, "तुमच्याकडं बाबांचा एखादा फोटो असंल ना? आमच्याकडं आधार कार्डावरचाच हाय. त्यात ते वळखू येत नाय."

माझ्याकडे शैवालांचे ढीगभर फोटो. काकांचा एकही नाही.

गेल्या आठवड्यात तिला कॉलेजात घेऊन गेले. रंगारी आले की भिंतीची तेवढी पट्टी मी सोडायला लावत असे, त्यामुळे रेघा अजून आहेत. "हे तुझे बाबा," मी म्हटलं. तिनं चपला काढल्या, भिंतीला पाठ लावली आणि हात पसरले. तिची बोटं दोन्हीकडे रेघांच्या थोडी आतच राहिली.

"बाबांचे हात मोठे होते," ती म्हणाली.