दोन ठोके

बँडमध्ये मी काहीच वाजवत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक विचारतात, बिगूल की ड्रम? मी बादली. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात डाव, खांद्यावर टॉवेल, आणि वाजवत चाललेल्या चोवीस माणसांच्या कडेकडेने चालणारा मी. फोटोत मी कुठेच नाही, कारण फोटो काढायच्या वेळी बँडचे साहेब मला बाजूला व्हायला सांगायचे.

पन्नासचं दशक अर्धं सरलं होतं. आखाती देशात, अहमदीत, तेल कंपनीच्या स्टोअरमध्ये मी कारकून होतो. कामगारांतल्या हौशी लोकांचा ड्रम-बिगूलचा बँड एका निवृत्त फौजी साहेबांनी उभा केला होता. बँडचे ड्रेस स्टोअरमधून मी दिले, म्हणून ते सांभाळणं माझ्या गळ्यात पडलं. मग पट्टे पांढरे करणं, मग बिगूल घासणं, मग पाणी. नाही म्हणायला मला आयुष्यात कधी जमलं नाही आणि त्याचा मला आजही राग येतो.

लोकांना वाटायचं, काय मजा आहे यांची! गावोगाव फिरतात, सायबासारखे ड्रेस घालतात. हिवाळा लागला की प्रत्येक शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून आम्ही ट्रकमध्ये चढायचो. कधी फहाहीलच्या शाळेचे खेळ, कधी अबू हलीफाला समुद्रकाठी कोणाचा तरी समारंभ, कधी थेट शहरात, शर्कपर्यंत. ट्रकच्या हौद्यात ड्रमच्या मधे पाय दुमडून बसायचं आणि तोंडावर रूमाल बांधून वाळू खायची. उतरल्यावर बिगुलांतून वाळू झाडायची. ऊन तापलं की बिगुलाचं पितळी तोंड ओठाला चटका देतं, म्हणून ती तोंडं मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचो आणि वाजवायच्या आधी एकेकाला काढून द्यायचो. लग्नात विडे वाटावेत तसं. सहा दिवस नोकरी, सातव्या दिवशी ही फुकटची हमाली.

मोठा ड्रम वाजवायचे मामू. माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्याच रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, म्हणून सगळे कोकणी त्यांना मामू म्हणत. बॉयलरच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी पंचवीस वर्षं, आधी मुंबईत आणि मग इथे, पत्र्यावर हातोडा चालवला होता. छाती एवढी रुंद की ड्रम त्यांच्या अंगावर लहान दिसायचा.

आता आमच्या बँडची एक रीत समजून घ्यायला हवी. चाल संपवायची कधी, ते मोठ्या ड्रमवाल्याच्या हातात असतं. पुढचा मुख्य बिगूलवाला शेवटचा लांब सूर धरतो, तो ऐकून मोठा ड्रमवाला दोन ठोके जोरात देतो, आणि त्या दोन ठोक्यांवर सगळा बँड एकदम गप्प होतो. त्यानंतर कोणी फुंकलं की साहेबांच्या शिव्या.

एका शुक्रवारी परतताना ट्रकमध्ये मामू माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, “मना आयकाय येत नाय रे. सालभर झाला. कोनाला सांगू नको.”

मी हसलो. मला वाटलं, चेष्टा करतायत. मग त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं.

वर्कशॉपमध्ये कोणाला कळलं नव्हतं, कारण तिथल्या आवाजात सगळेच हातवारे करून बोलत. नमाजेला ते माझ्या शेजारी उभे राहत आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून झुकत. वर्षातून एकदा कंपनीचा डॉक्टर तपासणीत पाठीमागे उभा राहून कुजबुजायचा, ते मात्र अवघड होतं. पण डॉक्टरला बँडची आवड होती. “ड्रमवाला ना तू? जा,” म्हणून त्याने तपासल्याशिवाय शिक्का मारला. बँडवाला बहिरा कसा असेल? म्हणून मामूंना बँड सोडून चालणार नव्हतं. बॉयलरवर बहिरा माणूस ठेवत नाहीत, घरी पाठवतात. आणि घरी त्यांची मुलगी होती, गावातली हॉस्टेलवर राहून शिकणारी पहिली मुलगी. मास्तरीण व्हायला तिला दोन वर्षं उरली होती. “दोन सालां,” मामू दोन बोटं दाखवून म्हणाले. “मग मी आपनच जातो.”

ताल ते पुढच्या माणसांच्या पायांवरून धरायचे. अडचण फक्त शेवटची, आतापर्यंत ती कशीबशी अंदाजाने निभावली होती. शेवटचा सूर त्यांना ऐकू येत नव्हता आणि मागच्या रांगेतून पुढचं दिसत नव्हतं. मी तर कडेने चालायचोच. कोकणातला माणूस, खांद्यावर टॉवेल असायचाच. ठरलं असं, की शेवटचा सूर लागला की मी टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचा, आणि मामूंनी दोन ठोके द्यायचे.

पहिला हंगाम मला अभिमान वाटला. एवढा मोठा बँड माझ्या टॉवेलवर थांबतो आणि साहेबांना पत्ता नाही! दुसऱ्या हंगामात माझी हौस फिटली. आता मला साधं शिंकतानाही विचार करावा लागायचा. खांदा खाजला तरी हात लावायची सोय नव्हती. एका शुक्रवारी ताप होता तरी गेलो. माझ्याही घरी बायको होती, तिची पत्रं वाचायला मला सुटीचा एक दिवस उरत नव्हता. मामूंचं ओझं मी का वाहायचं, असं मनात यायला लागलं, आणि ते वाईट माणसाच्या मनात येतं तितक्याच सहज येत होतं. हा हंगाम संपला की मी साहेबांना नाही म्हणणार, असं मी ठरवून टाकलं. मामूंना सांगायचं धाडस मात्र होईना.

हंगामातला शेवटचा कार्यक्रम मे महिन्यात ठरला. एवढ्या उशिरा कधी ठेवत नसत, पण कोणी मोठे पाहुणे येणार होते. अबू हलीफाजवळचं मैदान, समोर समुद्र, आणि हवा अशी दमट की ड्रमची कातडी सैल पडली होती. तासभर उन्हात उभं केल्यावर पाहुणे आले. बँड निघाला. मी बादली घेऊन कडेने. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरला, डोळे चुरचुरले, समोरचं दिसेना. मी टॉवेल ओढला, तोंड पुसलं आणि परत टाकला. दुसऱ्या खांद्यावर.

दोन ठोके पडले.

बँड एकदम गप्प झाला. पाहुण्यांच्या मांडवापासून वीस पावलांवर, अर्ध्या चालीत. माणसं तशीच पावलं टाकत मांडवासमोरून गेली आणि मैदानात फक्त बुटांचा आवाज होता. मामू समोर बघून चालत होते. त्यांच्या लेखी चाल संपली होती.

मैदानाबाहेर साहेब धावत आले. “किसने बोला रुकने को?” ते मामूंच्या पाठीमागे उभे राहून ओरडले. मामू ड्रमचा पट्टा सोडवत होते. साहेब पुन्हा ओरडले. मामू पट्टाच सोडवत राहिले. साहेबांचा चेहरा हळूहळू बदलला. ते एक पाऊल पुढे झाले आणि मामूंच्या कानामागे त्यांनी जोरात टाळी वाजवली. मामूंची मान हलली नाही.

मी बादली धरून उभा होतो. मी पुढे होऊन म्हणायला हवं होतं की थांबवला मी. मी म्हटलं असतं तरी बहिरेपण लपलं नसतं, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलोय. ते खरंही आहे. पण त्या वेळी मी हा हिशेब केलाच नव्हता. मला फक्त भीती वाटली होती.

पंधरा दिवसांत डॉक्टरचा कागद आला, मग बोटीचं तिकीट. मी धक्क्यावर सोडायला गेलो. एवढी माणसं होती तिथे, हमाल, पोलीस, आमचेच चार-पाच कोकणी. मामूंना स्वतःचा आवाज कळत नसे. माझा हात धरून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तुजी चूक नाय. घाम आला तर मानूस पुसनारच!”

म्हणजे त्यांना कळलं होतं. आणि मी काय केलं? कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून आधी आजूबाजूला बघितलं.

सप्टेंबरात साहेबांनी मला बोलावलं. सगळ्या चाली तुलाच पाठ आहेत, शेवट कुठे येतो तेही तुला नेमकं ठाऊक आहे, मोठा ड्रम तू घे, असं म्हणाले. मी नाही म्हणणार होतो. पट्टा अंगावर चढवून बघेपर्यंत त्यांनी वहीत माझं नाव लिहिलं होतं. नंतर मी सहा हंगाम तो वाजवला. फोटोतही आहे.

त्या हिवाळ्यात मामूंचं पत्र आलं. अक्षर मुलीचं होतं, पण पत्ता हॉस्टेलचा नव्हता, गावचा होता, आणि तिचं शेवटचं वर्ष तर अजून सरायचं होतं. सगळे खुशाल आहेत, आंबा मोहरलाय, असं लिहून शेवटी एकच प्रश्न विचारला होता: माझा ड्रम आता कोण वाजवतो?

मी ते पत्र तीन आठवडे उशीखाली ठेवलं. मग उत्तर लिहिलं की नवा माणूस आलाय, मलबारचा, तुम्ही ओळखत नाही त्याला.