पाच पट्ट्या, पाचही लाल

चहा घ्या आधी. पण घोट तोंडात धरून ऐकू नका, कारण तुम्ही हसणार, आणि पंचाईत होणार माझ्या सतरंजीची!

तीस वर्षं वार्ताहरकी केली मी. नगरसेवकांशी भांडलो, अधिकाऱ्यांना भर पत्रकार परिषदेत घाम फोडला. आणि तोंडावर कुठे आपटलो? मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करायच्या एका अ‍ॅपवर!

झालं असं, की येरवड्याच्या आमच्या सोसायटीत चौघींचा गाण्याचा गट आहे. माझी बायको सुलभा, अमरावतीहून इकडे आलेल्या देशमुखबाई, तळमजल्यावरच्या गोडबोलेबाई आणि पेटी वाजवणाऱ्या शमीमभाभी. समूहगीत स्पर्धेसाठी त्यांना रेकॉर्डिंग पाठवायचं होतं, शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत. मागची दोन वर्षं पहिल्याच फेरीत नारळ मिळालेला. सुलभाने तर यंदा मंचावर नेसायची साडीसुद्धा काढून ठेवली होती.

"या वेळी स्टुडिओत जाऊ," ती म्हणाली.

माझं डोकंच सणकलं. जन्मभर लोकांचे आवाज टिपणारा माणूस घरात बसलेला असताना स्टुडिओ? मी अ‍ॅप उतरवून घेतलं आणि रेकॉर्डिंग माझ्या पद्धतीने करायचं जाहीर केलं.

आता माझी पद्धत ऐका. घटनेचे साक्षीदार कधीही एकत्र बसवायचे नाहीत. एकमेकांचं ऐकून बोलतात लेकाचे! त्यामुळे मी चौघींना चार वेगवेगळ्या वेळी बोलावलं.

"समूहगीत आहे हो," गोडबोलेबाई म्हणाल्या. "खुनाचा तपास नाही."

मी दुर्लक्ष केलं. अ‍ॅपमध्ये प्रत्येकाच्या आवाजाला वेगळी पट्टी मिळते, ती बोटाने वर सरकवली की आवाज वाढतो. सगळ्यात आधी ठेका हवा, म्हणून पहिल्या पट्टीवर मीच टाळ वाजवले. अगदी मन लावून वाजवले. मग तो ठेका कानात ऐकत एकेकीने येऊन आपापला भाग गायला, शमीमभाभींनी पेटी वाजवली, आणि शुक्रवारी मी सगळं जोडून फोनवर ऐकवायला सुरुवात केली.

देशमुखबाई पहिल्या. "भाऊ, माहा आवाज तं ऐकूच नाही येऊन राह्यला!"

वाढवला.

गोडबोलेबाई दुसऱ्या. "पत्रकार, मी गायले होते ना? की नुसताच चहा पिऊन गेले?"

वाढवला.

सुलभा तिसरी. "घरच्या माणसाचा नंबर शेवटी. नेहमीसारखा."

हिचा तर जरा जास्तच वाढवला. मला याच घरात जेवायचंय!

शमीमभाभी काहीच बोलल्या नाहीत. पण मी निःपक्षपाती माणूस. तिघींना दिलं ते चौथीला का नाही? पेटीही वर. आता या गदारोळात ठेका बुडाला, म्हणून टाळही वर! पाचही पट्ट्या टोकाला जाऊन लालबुंद झाल्या. मला काय वाटावं? मथळा ठळक हवा, तसंच हे असणार.

शनिवारी दुपारी अ‍ॅपमधून फाइल बाहेर काढली आणि चौघींना बसवून दिवाणखान्यातल्या मोठ्या स्पीकरवर लावली. काय सांगू! तापलेल्या कढईत कुणीतरी पाण्याचा तांब्या ओतावा, आणि त्या चरचराटातून तीन बायकांनी मदतीसाठी हाका माराव्यात!

"हे आपलं गाणं आहे?" सुलभाने विचारलं. तिचा चेहरा पाहवत नव्हता हो.

मी संतापलो. फोनच्या टिचभर स्पीकरवर तर सगळं ठीक वाटत होतं. म्हणजे आवाज फाटतोय फाइल बाहेर काढताना! मी एमपीथ्री काढली, फाटलेली. तिच्याहून स्वच्छ वाजते म्हणतात ती वेव्ह फाइल काढली, ती तर आणखी स्वच्छपणे फाटलेली! आता संशयच उरला नाही. मी अ‍ॅपवाल्यांना पत्र लिहिलं. साधंसुधं नव्हे, अग्रलेखच! "ग्राहकांच्या आवाजाची राजरोस कत्तल" अशी सुरुवात. आणि पुराव्याशिवाय मी कधी लिहीत नाही, म्हणून अ‍ॅपच्या पडद्याचा फोटोही जोडला.

पाच वाजता उत्तर आलं. तीन ओळी. "आपण जोडलेल्या फोटोत पाचही पट्ट्या लाल आहेत. त्या लाल होणार नाहीत इतक्या खाली घ्या, हेडफोन लावून पूर्ण गाणं ऐका आणि मग फाइल काढा. आवाज बाहेर काढताना नव्हे, आतच फाटलेला आहे."

माझाच पुरावा, माझ्याच विरुद्ध! गोडबोलेबाईंनी ते उत्तर मोठ्याने वाचलं. दोनदा.

बरं, खाली घ्यायचं कुणाला? देशमुखबाई म्हणाल्या, आधी गोडबोलेबाईंचा घ्या. गोडबोलेबाई म्हणाल्या, आमच्यात पाहुण्यांना पहिला मान असतो. सुलभाने घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेपाच वाजले.

तेव्हा शमीमभाभी पहिल्यांदा बोलल्या. "भाऊ, रागावू नका. पण तो टाळ जरा बंद करून बघता का?"

बंद केला.

अहो, चौघी लख्ख ऐकू आल्या! माझा टाळच सगळ्यांना झाकत होता, कुणाला वर चढायची गरजच नव्हती. पट्ट्या निमूट खाली आल्या, लाल रंग गेला. पंधरा मिनिटं हेडफोन लावून गाणं ऐकलं, एकदा सुलभाने, एकदा भाभींनी. फाइल काढली, स्पीकरवर लावली, आणि एवढं गोड गाणं माझ्या घरात चाललंय यावर माझाच विश्वास बसेना. सहाला सात मिनिटं कमी असताना ते रवाना झालं. पुढच्या आठवड्यात बातमी आली, गट मंचावर गाणार!

मी पेढे आणायला निघालो, तर सुलभाने दारातच अडवलं. "आधी त्या अ‍ॅपवाल्यांची माफी मागा."

आयुष्यात कधी दिलगिरी छापली नव्हती मी. पण बसलो. दोन पानं लिहिली. परिस्थिती, जबाबदारी, पट्टी लाल झाल्यावर कंपनीने भोंगा का वाजवू नये असा रोखठोक सवाल, सगळं. आणि वाचून दाखवलं तिला.

शांतपणे ऐकलं तिने. मग म्हणाली, "अहो, हेही फाटतंय. जरा खाली घ्या."