बाईंना दिलेला हुकूम

इंदूरला आमचे घर गिरण्यांच्या बाजूला होते. कामगारांची पत्रके वाचत मी वाढले, त्यामुळे पुढारी म्हणजे भाषण करणारा, एवढेच मला ठाऊक. नव्या विद्यापीठात मला अन्नशास्त्र शिकवणाऱ्या बाईंची रीत वेगळी होती. दर आठवड्याला एक विद्यार्थिनी प्रयोगशाळेची प्रमुख व्हायची आणि बाईही तिचेच ऐकायच्या.

माझ्या आठवड्यात कुलगुरू आमचा टोमॅटो सॉस चाखायला येणार होते. त्या सकाळी एका बाटलीचे झाकण फुगलेले दिसले. सॉस आंबला होता. सगळ्या बाटल्या एकाच पातेल्यातून भरलेल्या, आणि ते पातेले बाईंनी स्वतः शिजवलेले.

"सगळ्या ओतून द्याव्या लागतील," मी म्हणाले.

"पागल झालीस का? पाहुणे फाटकात आलेत," मैत्रीण कुजबुजली.

बाईंनी विचारले, "सल्ला देतेस की हुकूम?"

"हुकूम," मी म्हणाले.

बाईंनी पदर खोचला आणि बाटल्या मोरीत ओतायला घेतल्या. कुलगुरू दारात आले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "माफ करा, पातेले मी बिघडवले. आमच्या प्रमुख चाखू देत नाहीत."

माझ्या पत्रकांतल्या एकाही पुढाऱ्याने आपली चूक अशी पाहुण्यांसमोर स्वतःच्या हाताने ओतून दिली नव्हती.