पाणीपुरवठा मंत्री, जिल्हा लातूर

मी सोळाव्या वर्षी पाणीपुरवठा मंत्री झाले आणि महिन्याभरात गावाच्या विहिरी आटल्या. (दोन्हींचा काही संबंध नव्हता, पण गावाला कोण सांगणार!)

मंत्रिमंडळ शाळेचं होतं. हेडगुरुजींनी दहावीच्या वर्गातून सहा मंत्री निवडले. क्रीडा, सहल अशी चांगली खाती पोरांनी पळवली आणि दुष्काळात कुणी हात लावेना असं पाणी खातं माझ्या गळ्यात पडलं. काम एवढंच, की शाळेचा रांजण भरून घ्यायचा आणि मधल्या सुट्टीत प्रत्येकाला एकच पेला द्यायचा. पंधराव्या दिवशी तो रांजण सरकवताना माझ्याच हातून फुटला. भरलेला!

दहावी झाल्यावर मला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. घरात मात्र बिलोलीचं एक स्थळ येऊन बसलं होतं. माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, सांगून टाकलं, "नांदेडला नंबर लागला तर शीक. न्हाई लागला तर दिवाळीच्या आत अक्षता." मार्क काठावरचे.

अशात शेजारचे महबूबचाचा शिलाईचं मशीन थांबवून अप्पांना म्हणाले, "अप्पा, मुलाखतीत लीडरीला मार्क हायत. लई मार्क!"

"लीडरी म्हंजे?"

"पुढारपण हो! तुमची नंदा मंत्री न्हवती का?"

अप्पा तसेच उठले आणि हेडगुरुजींकडून दाखला घेऊन आले. 'कु. महानंदा हिने पाणीपुरवठा मंत्री' ही एक ओळ, खाली 'शालेय मंत्रिमंडळ, जिल्हा उस्मानाबाद' ही दुसरी, आणि त्याखाली 'म्हणून उत्तम काम केले'. ('उत्तम' हा गुरुजींचा मोठेपणा!) शिक्क्याचं पॅड वाळलेलं, त्यामुळे शिक्का असून नसल्यासारखा.

तेवढ्यात अप्पांच्या ध्यानात आलं की आपला लातूर जिल्हा आता वेगळा झालाय. "जुना जिल्हा बघून हाकलून देतील की!" म्हणत त्यांनी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, कागदाची पट्टी कापली, तीवर टपोऱ्या अक्षरात 'जिल्हा लातूर' लिहिलं आणि दाखल्यावर चिकटवली. पट्टी जितकी लांब तितकी बळकट, असा त्यांचा हिशेब.

मुलाखतीसाठी नांदेडला निघालो. एसटी लोह्याला थांबली तेव्हा मी दाखला पहिल्यांदा नीट वाचला. पट्टीखाली अख्खी ओळ गेली होती! आता दाखला म्हणत होता, 'कु. महानंदा हिने पाणीपुरवठा मंत्री, जिल्हा लातूर म्हणून उत्तम काम केले.'

"अप्पा, शाळा कुठंय यात?"

"हात लावू नको, फाटंल!" अप्पांनाही घाम फुटला होता.

नांदेडच्या अध्यापक विद्यालयातल्या क्लार्कने दाखला दोनदा वाचला. "जिल्हा नवा दिला ते ऐकलं. मंत्री बी नवा दिला का काय?" त्याने दाखला आत नेला. शिपायाने 'मंत्री' तेवढंच ऐकलं, अप्पांचं पांढरंशुभ्र धोतर बघितलं आणि खुर्ची आणली. मागून चहा आला. मग व्हरांड्यातले लोक अप्पांभोवती जमले.

"सायब, आमच्या गल्लीत चार दिस झाले टँकर न्हाई."

अप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. भीतीने त्यांच्या तोंडून दोनच शब्द फुटले, "बघू, बघू."

एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "मंत्रीच हाय. बघ, कसा बोलून राहिला!" लोकांची उरलीसुरली शंका फिटली.

इतक्यात माझं नाव पुकारलं. आत प्राचार्य नखाने ती पट्टी उचकटत होते. दुष्काळातलं पीठ, खळ कसली धरते! पट्टी अलगद निघाली.

"दाखल्यात फेरफार केलाय. हा गुन्हा आहे, माहीत आहे?"

मला समोर एकदम बेड्या घातलेले अप्पा दिसले, आणि त्यांच्यामागे मुंडावळ्या बांधलेला बिलोलीचा नवरदेव. मला रडूच फुटलं. "सर, अप्पांना पोलिसात देऊ नका! जिल्हा बदलला म्हणून त्यांनी चिकटवलं. मी शाळेचा रांजण भरायची, बाकी काही न्हाई. तो बी फोडला."

"फोडला?"

"भरलेला, सर."

"मग काय केलंत?"

"राजीनामा दिला."

"मंजूर झाला?"

"न्हाई, सर. ते खातं घ्यायला दुसरं कुणी तयारच न्हवतं."

प्राचार्यांनी रुमाल तोंडाला लावला. रागावले की हसले, मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी माझ्या अर्जावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "जा. बाहेरच्या मंत्र्यांनाही घेऊन जा."

पुढचे आठ दिवस आम्ही बापलेक पोलिसाची वाट बघत होतो. आलं ते पोस्टकार्ड. माझा नंबर लागला होता, यादीतला अगदी शेवटचा! अप्पा गावभर सांगत सुटले, "पुढारपणामुळं लागला!" प्रत्यक्षात त्या रकान्यात मला शून्य होतं. ते मी अप्पांना कधीच सांगितलं नाही.

वसतिगृहात दाखल झाले तेव्हा तिथल्या बाईंनी माझा अर्ज उघडला. प्राचार्यांनी लाल शाईत लिहिलं होतं, 'हिच्या हाती भरलेलं भांडं देऊ नये.' हुकूम म्हणजे हुकूम! दोन वर्षं टँकर आला की साऱ्या मुली घागरी घेऊन धावायच्या आणि मी सावलीत उभी राहून ओरडायचे, "रांगेत या, रांगेत या!" पाणी त्या भरायच्या आणि पहिला पेला मी प्यायचे. प्राचार्य काहीही म्हणोत, पुढारपण माझ्या अंगात मुरलेलं होतं!