आवाज थोडा कमी

तापलेल्या इस्त्रीखाली ओलसर सुती कापडाचा एक वास उठतो, किंचित करपट, किंचित स्वच्छ. धायरीच्या या घरात कामावर निघण्यापूर्वी मी कुर्त्याच्या बाहीवरून इस्त्री फिरवते, तेव्हा तो नाकात शिरतो. इतक्या निरुपद्रवी वासानं छातीत धडधडावं का, असं कुणी विचारलं तर मला सदाशिव पेठेतल्या त्या दोन खोल्यांविषयी सांगावं लागेल.

त्या खोल्या मिळाल्या तेव्हा मला सातवा महिना लागला होता. दवाखाना हाकेच्या अंतरावर, नवऱ्याचं सरकारी ऑफिस जवळ, आणि खिडकीतून सकाळचं कोवळं ऊन थेट पलंगावर. त्याआधी आम्ही बरीच घरं पाहिली होती. सगळं पसंत पडायचं, मग सहज विचारल्यासारखा आडनावाचा प्रश्न यायचा, त्यावरून जात कळली नाही की आडवळणानं पुढचे प्रश्न, आणि त्यामागोमाग ‘कळवतो हं’. त्यानंतर कुणी कधी कळवलं नाही. खाली राहणाऱ्या या घरमालक काकांनी मात्र आमचं संदिग्ध आडनाव ऐकून मान डोलावली, पुढे काही विचारलं नाही. आम्ही आपणहून काही सांगितलं नाही.

नवऱ्याची एक सवय लग्नाआधीपासूनची. आंघोळ झाली, की तो शर्टाला इस्त्री करायला घ्यायचा आणि लहानशा स्पीकरवर भीमगीतं लावायचा. ढोलकीची थाप पडायची, पेटी भरून यायची आणि गावच्या मैदानात माइकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा एखादा खडा आवाज लागायचा. ते ऐकता ऐकता त्याचे खांदे मागे जात, पाठ सरळ होई. मी बघत राहायची. एरवी हा माणूस मितभाषी, पण त्या काही मिनिटांत तो उंच झाल्यासारखा वाटे.

पहिल्याच आठवड्यात जिन्यातून काकांचा आवाज आला, “अहो, वर सभा भरलीय का?”

“नाही काका, ऑफिसला निघायची तयारी चाललीय.”

“आमच्याकडे तयारी मुकाट्यानं होते.”

त्या दिवसापासून माझी सकाळ कानांत येऊन बसली. खालच्या दाराची कडी वाजली, की पोटातलं बाळही दचकल्यासारखं हलायचं. या अवस्थेत पुन्हा घर शोधत हिंडणं मला जमणार नव्हतं. शेवटी एकदा मी त्याला म्हटलं, “बाळ होईपर्यंत तरी नको लावूस ना.”

त्यानं इस्त्री उभी करून ठेवली. “आवाज कमी करीन. बंद नाही करणार. ऑफिसात दिवसभर कुणी ना कुणी बोलण्यातून मान खाली घालायला लावतं. ती खाली जाण्याआधी इथे एकदा ताठ करून घेतो, एवढंच.”

मी पुन्हा तो विषय काढला नाही. आवाज कमी झाला, मग आणखी कमी. खिडकी लावून घेतली जाऊ लागली. तरी एका सकाळी दारावर टकटक झालीच. मी दार उघडलं, काका उंबऱ्याबाहेर उभे. आत गाणं चालू होतं. ते कडव्याच्या शेवटापर्यंत ऐकत थांबले. चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

“ही गाणी कसली ते कळतं मला,” ते म्हणाले. “घर घेताना बोलला नाहीत.”

“आपण विचारलं नाहीत,” नवरा म्हणाला.

“विचारलं असतं तर?”

“सांगितलं असतं.”

काका क्षणभर माझ्या पोटाकडे पाहत राहिले. “करार आहे तोवर राहा. पुढे मुलगा यायचाय आमचा.” आणि ते जिना उतरून गेले. नवऱ्यानं दार लावलं, गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि राहिलेल्या बाहीवर इस्त्री ठेवली.

मुलगी त्याच घरात आली. करार संपला तसे आम्ही निघालो. काकांचा मुलगा काही आला नाही. त्या खोल्यांच्या खिडकीत ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी लागल्याचं पुढे तिथून जाताना दिसलं. मुलाचा तो बहाणाच होता हे कळून मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं ते निव्वळ सुटल्यासारखं.

मग धायरीचं हे घर, आमचं स्वतःचं. इथल्या पहिल्या सकाळी नवऱ्यानं सवयीनं गाणं लावलं आणि मी थबकले. आवाज इतका बारीक, की स्वयंपाकघरात शब्द पोचत नव्हते. आता कुणी जिन्यातून विचारणार नव्हतं, कुणाची कडी वाजणार नव्हती, तरी त्याची बोटं आपसूक तिथेच येऊन थांबली होती. मी जाऊन आवाज वाढवला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, शर्टाची बटणं लावली आणि तसाच निघाला. खाली स्कूटर सुरू झाली, दूर गेली.

गाणं चालू राहिलं. मांडीवर मुलगी पाय हलवत होती, ढोलकी खोलीभर घुमत होती, आणि मी सुखावून ऐकत असताना माझ्या ध्यानात आलं, की माझा एक कान अजून काकांच्या त्या खालच्या दाराकडेच लागलेला आहे. घरं माणूस सोडतो, त्या घरांनी लावलेली सवय मात्र इतक्या लवकर सोडून जात नाही. एवढंच मनाशी म्हटलं, की माझ्या मांडीवरच्या लेकीच्या कानांना तरी हे गाणं पहिल्यापासून पूर्ण आवाजात ऐकू यावं.