‘या’ न म्हणणारी आत्या

भुताखेतांच्या बाबतीत माझ्या आत्याइतका अधिकारी माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात सापडायचा नाही, पैज लावतो. तिच्या माहीम गावात कुठल्या पिंपळावर मुंजा राहतो, विहिरीवरची हडळ कुणाला धरते, सगळं तिला तोंडपाठ. ही मंडळी तिला घरचीच वाटतात. धास्ती एकाचीच, मोबाइलवरच्या सिनेमात बघितलेल्या विलायती रक्तपिपासू भुताची. “आपलं भूत नारळावर भागतं रे, या मेल्याला रगतच लागतं!”

त्यात तिला कळलं, की हा गडी आरशात दिसत नाही, लसणाला घाबरतो आणि घरच्यांनी बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. झालं! आत्याने ‘या, बसा’ म्हणणंच सोडलं. मीटर बघणारा असो की गणपतीचे भटजी, सगळे पायरीवर. दारात आरसा टांगलेला, त्यात माणूस दिसला तर आत. भर मे महिन्यात मला, सख्ख्या भाच्याला, तिने बॅगेसकट उन्हात उभं करून न्याहाळलं. “दिसतोस बाबा,” म्हणाली, तेव्हा कुठे पाणी मिळालं.

अशा घरात, तिच्या एकुलत्या एक वैशूला मागणी घालायला बोईसरहून मंडळी आली. वैशूनेच पसंत केलेला मुलगा. कारखान्यात कायम नाइट शिफ्ट, त्यामुळे चेहरा पांढराफटक आणि डोळे तांबारलेले. त्यात मुलाच्या बापाने कौतुकाने सांगितलं, “पोरगा माळकरी हाय, लसूण शिवत नाय.” मी कपाळावर हात मारला. आरशात मुलगा ढळढळीत दिसत होता, तरी आत्या ‘या’ म्हणेना. पाच मिनिटं पायरीवर ताटकळून बापाने चपलांत पाय घातले. “चला, यांच्या मनात नाय दिसत.” वैशूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मी आत्याला ओढत स्वयंपाकघरात नेलं. “अगं, दिसतोय की आरशात! साधा माणूस आहे तो!”

“ते मला कळत नाय काय?” तिने पदराने नाक पुसलं. “पन एकदा ‘या’ म्हटलं, की माझी पोर गेली. तुझे काका गेल्यापासून आमी दोघीच. मग मी कोनाशी बोलू?”

शेवटी तिनेच डोळे कोरडे केले आणि ती दाराकडे धावली. “अवो, उन्हाचं कुठं चाललात? या, आत या!”

चहा झाला, सगळं ठरलं. मुलगा भला. आत्याकडे बघून म्हणाला, “आई, सुट्टी मिळाली की आमी इकडंच येऊ.”

“सुरुवातीला सगळेच येतात रे,” आत्या म्हणाली, आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला.